खांदा, बाही, पाठ

तीस वर्षं लोकांची मापं घेतेय. गिऱ्हाईक नवा कपडा घालून आरशासमोर उभं राहतं आणि म्हणतं, टेलरबाई, कमरेत घट्ट शिवलंत. मी काही बोलत नाही, वही काढते. वहीत तीस लिहिलेलं असतं आणि गिऱ्हाईक चौतीस झालेलं असतं. खाल्लंय त्याने आणि तोंड वाकडं माझ्यावर. म्हणून मापाची एकही वही मी कधी रद्दीत घातली नाही. निम्मं गाव त्या वह्यांत आहे. कोण कधी सुटलं, कोण आजारात वाळलं, कुणाचा मुलगा एका वर्षात चार इंच वाढला, सगळं तारखेसकट.

वादळाच्या आदल्या दिवशी रेडिओवाला घसा खरवडून सांगत होता, शाळेच्या इमारतीत जा, महत्त्वाचं असेल तेवढंच घ्या. लोकांनी गाद्या घेतल्या, टीव्ही घेतले. एकाने तर घराचा दरवाजा बिजागऱ्यांसकट काढून आणला, वाऱ्याने नेण्यापेक्षा आपणच नेलेला बरा म्हणून. मी वह्यांचा पत्र्याचा डबा घेतला, हाताने फिरवायची मशीन घेतली आणि धाकटीला घेतलं. धाकटी म्हणजे माझी बहीण. चांगली पंचेचाळिशीची बाई आहे, पण आई लवकर गेली, मीच तिला वाढवली, त्यामुळे माझ्या तोंडी ती धाकटीच राहिली. माझं स्वतःचं लग्नबिग्न काही झालं नाही. झालं नाही ते बरंच झालं, हिच्या एकीच्याच मागे माझी निम्मी हयात गेली.

तिचा नवरा वीजखात्यात, खांबांवर चढायच्या कामाला. सगळं गाव त्यांना वायरमन म्हणायचं, आणि मीसुद्धा. ते लग्न मीच जमवलं. गृहस्थ युनिफॉर्मची पँट शिवायला दुकानात आले होते. टेप लावली की लोक पोट आत ओढतात, हात हलवतात, गप्पा झोडतात. हे आपले खांबासारखे उभे. मी मनात म्हटलं, माणूस स्थिर आहे, आमच्या चुळबुळीला हाच पुरेल. आणि पुरले. बावीस वर्षांत त्या घरातून मोठा आवाज मी ऐकला तो फक्त धाकटीचा.

वारा सोमवारी दुपारी आला. त्याचं वर्णन मला करता येणार नाही आणि करायचंही नाही. आम्ही तीनशे माणसं शाळेच्या वरच्या मजल्यावर बाकांखाली मुंडी घालून बसलो होतो आणि छपराचे पत्रे एकेक करून जात होते. मंगळवारी सकाळी बाहेर पाहिलं तर गावाचे तीन तेरा वाजले होते. माझ्या दुकानाची पाटी शाळेच्या अंगणात येऊन पडली होती, दुकान मात्र कुठे दिसेना. चार माणसं गेली. तीनशेतली चार, म्हणून लोक एकमेकांना म्हणत होते, वाचलो.

बुधवारी मदत आली. मदतीला नावं ठेवू नयेत म्हणतात, पण मी ठेवणार. पहिल्या ट्रकमधून लोकरीचे ओव्हरकोट उतरले. इथे घामाने अंगातलं अंगाला चिकटतंय आणि आम्हाला गुडघ्यापर्यंत कोट. दुसऱ्यातून उंच टाचांचे बूट निघाले, बरेचसे एकाच पायाचे. एका गाठोड्यात चमचमणारा नाचाचा झगा होता, त्याला पाठच नव्हती. शाळेचा शिपाई म्हणाला, "बाई, हा तुमच्यासाठी बाजूला ठेवू का?" मी म्हटलं, "ठेव. साहेब फोटो काढायला आले की घालते." साहेब म्हणजे मदतीचे साहेब. हातात यादी, पायात कोरडे बूट, आणि उंटावरून शेळ्या हाकायची सवय. त्यांनी तीन वेळा फोटो काढले आणि प्रत्येक वेळी तेच गाठोडं आम्हाला नव्याने घ्यायला लावलं. भीक नको पण कुत्रं आवर, अशी आमची गत.

तरीही खोटं कशाला बोलू, कोरडा कपडा अंगावर आला तेव्हा लोक रडले. तीन दिवस ओल्यात काढलेले ते. आणि त्या दिवशी कपडे कुणाचेच राहिले नाहीत. ज्याला दोन मिळाले त्याने एक दिला. घरून गाठोडं आणलेल्यांनी त्यातलं काढून शेजारच्याला घातलं. मी जिन्याजवळ मशीन मांडली आणि चव्वेचाळीस कमरेच्या पँटी बत्तीसला आणत बसले.

गुरुवारी सकाळी वायरमन माझ्यासमोरून गेले. "ताई, खालच्या वस्तीत जातोय," म्हणाले. "पंपाची लाईन जोडली की पाणी उपसलं जाईल. दुपारी जेवायला येतो." माझ्या तोंडात टाचण्या होत्या. मान वर न करता मी नुसतं हं केलं. त्यांच्या अंगात कोणता कपडा होता ते मी पाहिलं नाही. कपड्यांवर जगणारी बाई मी, येणाऱ्याजाणाऱ्याची कॉलर बघते, आणि घरच्या माणसाकडे पाहिलं नाही. याचं मला आजही वाईट वाटतं.

खालच्या वस्तीत बरीच माणसं घरं साफ करायला परतली होती. धोका टळला असं साहेबांनीच भोंग्यावरून सांगितलं होतं. तीनच्या सुमाराला नदीचा बंधारा फुटला. वादळाने चार नेली होती, बंधाऱ्याने साठ.

शुक्रवारी दुपारी हवालदार माझ्यापुढे येऊन उकिडवे बसले. खिशातून कागदात गुंडाळलेली एक कॉलर काढली. "बाई, हे काम तुमचं का?"

माझंच होतं. कॉलरच्या टोकाला मी आतून दोन जादा टाके घालते, दुसरं कुणी घालत नाही. तसं मी सांगितलं. ते म्हणाले, "मग चला माझ्याबरोबर. चेहऱ्यावरून काही कळण्यासारखं राहिलेलं नाही."

बर्फाच्या कारखान्याचा जनरेटर तेवढा चालू होता, म्हणून सगळ्यांना तिथे ठेवलं होतं. मी वह्यांचा डबा घेऊन गेले आणि गळ्यात टेप. पाण्यात माणूस फुगतो, तेव्हा छाती आणि कंबर विसरायची. पण हाडं फुगत नाहीत. एका खांद्याच्या हाडापासून दुसऱ्यापर्यंत, खांद्यापासून मनगटापर्यंत, मानेच्या मणक्यापासून कमरेपर्यंत. खांदा, बाही, पाठ. कपडा माझ्या हातचा आहे एवढ्यावर मी कुणाचंही नाव घेतलं नाही. बुधवारपासून अख्खं गाव एकमेकांच्या कपड्यांत हिंडत होतं, ते काय मला माहीत नव्हतं? कपडा देता येतो, माप देता येत नाही. कपडा पाहून मी वही उघडायची, मग टेप लावायची, तिन्ही आकडे जुळले तरच हवालदारांना म्हणायची, लिहा.

अशी अकरा माणसं मी ओळखली. दोन वेळा कपडा एकाचा निघाला आणि माप दुसऱ्याचं, तेही शोधून काढलं. अकरांतल्या तिसऱ्या होत्या त्या गावात अंडी विकणाऱ्या मावशींची मुलगी, याच शाळेत शिकवणाऱ्या बाई. मावशींना सांगायला मी स्वतः गेले. त्यांनी एवढंच विचारलं, "तू पाहिलंस?" मी म्हटलं, "माप घेतलं, मावशी." त्या मटकन खाली बसल्या. पण रात्री म्हणे चार घास जेवल्या. माणसाला एकदाचं कळलं की निदान रडता येतं. जीव टांगणीला लागलेल्याला तेही जमत नाही. मला त्या कामाचा, आता बोलायला लाज वाटते, पण थोडा अभिमान वाटायला लागला होता. लोक म्हणायचे, टेलरबाईंनी सांगितलं म्हणजे झालं.

धाकटीने त्या तीन दिवसांत मला एकदाही काही विचारलं नाही. शाळेच्या स्वयंपाकात ढीगभर बटाटे सोलायची. वायरमनचे दोन सोबती दूरच्या झाडावर जिवंत सापडले होते, त्यामुळे आशा होती. आशा म्हणजे बुडत्याला काडी. पण काडी दिसत होती.

रविवारी सकाळी हवालदारांनी मला बारावा माणूस दाखवला.

निळ्या चौकड्यांचा शर्ट. खांबावर हात वर करून काम केलं की बगलेत शिवण उसवते, म्हणून वायरमनच्या शर्टाला मी बगलेत एक जादा तुकडा लावायची. दुसऱ्या कुठल्याच गिऱ्हाइकाला नाही. तो तुकडा तिथे होता. टेप माझ्या हातात होती, वही हवालदारांनी धरली होती. मी टेप गुंडाळली आणि म्हटलं, "आमचे वायरमन आहेत. लिहा." आणि बाहेर आले. कारखान्याच्या दारात किती वेळ उभी होते ते मला ठाऊक नाही.

धाकटी मागच्या अंगणात बसली होती. मी शेजारी बसले आणि सांगितलं. लांबण लावली नाही, मला लावताच येत नाही.

तिने सोलणं थांबवलं नाही. "कोणता शर्ट?"

"निळ्या चौकड्यांचा."

"तो मी बुधवारीच दिला," ती म्हणाली. "एक म्हातारा होता, जिन्याखाली कुडकुडत बसलेला. पांढरी दाढी, एका डोळ्यात फूल पडलेलं. पायात चप्पल नव्हती. मी ह्यांना म्हटलं, तुम्हाला ट्रकमधला खाकी मिळालाय ना, मग हा देऊन टाकू. ते म्हणाले, दे. बिचारा म्हाताराच असणार तो."

मी तिला चार वर्षांची असल्यापासून वाढवलंय. धाकटी खोटं बोलते तेव्हा हातातल्या कामावरची नजर काढत नाही, आणि कुणी न विचारलेलं सगळं सांगते. म्हाताऱ्याच्या पायात चप्पल नव्हती हे मी कुठे विचारलं होतं? मला त्याच क्षणी कळलं. पण मग तिने विचारलं, "तू माप घेतलंस?"

मी ढिगातला एक बटाटा उचलला.

"अकरा जणांचं घेतलंस, आणि आपल्या माणसाचं नाही?"

खरंच घेतलं नव्हतं. माझा हात उचलला नव्हता. आणि तिने तसं म्हटल्याबरोबर मलाही वाटायला लागलं, कपडा देता येतो हे मीच तर सगळ्यांना सांगत होते. असेलही म्हातारा. का नसावा?

ती उठली, हात पुसले, सरळ हवालदारांकडे गेली आणि नाव खोडायला लावलं. हवालदार कंटाळलेले होते, पण माणूस वाईट नव्हता. मला बाजूला घेऊन म्हणाले, "बाई, बायकोच नाही म्हणते म्हटल्यावर मला खोडावं लागतं. पण एक ऐकून ठेवा. बर्फ संपत आलाय. ज्यांना नाव नाही त्यांना बुधवारी सकाळी गावाबाहेर एकाच खड्ड्यात पुरणार. पायाला नंबर बांधून. मग नंतर उकरून कुणी देणार नाही."

म्हणजे बुधवार सकाळपर्यंत. तो म्हातारा असेल तर गोष्ट वेगळी. पण वायरमन असतील, तर ते नंबर होऊन परक्यांच्या खाली जाणार, आणि धाकटी जन्मभर दाराकडे बघत बसणार. मला हे सगळं स्वच्छ दिसत होतं. आणि तरी मी टेप घेऊन कारखान्यात परत गेले नाही. मी म्हाताऱ्याला शोधायला निघाले.

सोमवारी मी शाळेच्या सगळ्या खोल्या पालथ्या घातल्या. पांढऱ्या दाढीचे म्हातारे मला तेवीस भेटले, वादळात कुणी दाढी करत नाही. डोळ्यात फूल असलेला एकही नाही. बरोबरच आहे, माझा हिशोब असा की तो सापडला नाही म्हणजे तोच मेला. आणि शर्ट घेतलेला म्हातारा जिवंत सापडला असता, तर तो शर्ट अंगात असलेला कारखान्यातला माणूस कोण? हे माझ्या डोक्यातच आलं नाही. मी इतकी शहाणी बाई, उलटसुलट शिवण एका नजरेत ओळखणारी, दिवसभर भलत्याच दिशेने हिंडत होते. मला काय शोधायचंय तेच मला माहीत नव्हतं. एका म्हाताऱ्याने मला विचारलं, "निळा शर्ट मिळणार का?" मी म्हटलं, "नाही, मिळाला होता का असं विचारतेय." तो म्हणाला, "मिळाला नव्हता, पण घेईन." मला हसू आलं आणि मग जिन्यात बसून पाच मिनिटं रडू आलं.

तोवर बातमी फुटली होती. टेलरबाईंचं चुकलं. वायरमन मेले नाहीत, शर्ट दिलेला होता. संध्याकाळपर्यंत तीन घरची माणसं माझ्याकडे आली. आमच्या दादानेही सदरा कुणाला दिला असेल. आमच्या सुनेनेही. मी प्रत्येकाला सांगत होते, तुमचं माप घेतलंय, तिन्ही आकडे जुळलेत. त्यांना ऐकूच जात नव्हतं. दोन दिवसांपूर्वी याच लोकांनी माझे हात हातात घेतले होते.

मंगळवारी सकाळी मशीनवर बसले तर शिपाई येऊन म्हणाला, "बाई, मावशी पहाटेपासून फाटकात बसल्यात. चहासुद्धा घेत नाहीत."

अंडीवाल्या मावशी फाटकाच्या खांबाला टेकून रस्त्याकडे तोंड करून बसल्या होत्या. मांडीवर प्लास्टिकची पिशवी, आत मुलीसाठी कोरडे कपडे. मला पाहून त्यांनी जागा करून दिली. मी बसले.

"मावशी, आत चला. उन्हं वर आलीत."

"ती आली तर चुकामूक होईल."

"मावशी, मी माप घेतलं होतं. खांदा चौदा, बाही बावीस, पाठ पंधरा. तुमच्या मुलीचं माप मी ती सोळा वर्षांची असल्यापासून घेतेय. माझी चूक नाही."

"तुझी चूक होते म्हणतात."

"तुमच्या बाबतीत नाही."

त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. रागाने नाही. अंडी मोजून घेताना गिऱ्हाइकाकडे बघतात तसं. "मग तुझ्या मेहुण्याचं काय? त्यांचं माप घेतलंस का तू?"

"नाही."

"का नाही?"

मीही रस्त्याकडे बघायला लागले.

"घे की मग," मावशी म्हणाल्या. "तू तुझं घेऊन ये. मग माझं खरं की खोटं ते मी तुझ्या तोंडाकडे बघून ठरवते."

दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर मी चार शब्द सुनावले असते. मावशींना काय सुनावणार? त्यांच्या पोरीला परत जिवंत करून त्यांना फाटकात आणून बसवलं होतं ते आमच्या घराने. धाकटीने तोंड उघडलं आणि मी गप्प बसले. सुक्याबरोबर ओलंही जळतं म्हणतात, तसं आमच्यापायी अकरा घरं पुन्हा पेटली होती. मी उठले, डबा घेतला आणि कारखान्याकडे चालू लागले.

हवालदार दारातच होते. मला पाहून त्यांनी किल्ली काढली. आत गारवा कमी झाला होता. फरशीवर पाणी झालं होतं. वही उघडून मी पान काढलं. माझ्याच अक्षरात होतं सगळं. खांदा साडेअठरा. बाही पंचवीस. पाठ सव्वासतरा. आणि खाली शेरा, उजवा खांदा पाऊण इंच उतरता. बावीस वर्षं त्या खांद्यावर शिडी वाहिलेली. शर्ट शिवताना उजवीकडे मी तेवढं कापड कमी धरायची, म्हणजे अंगावर बसला की दोन्ही खांदे सारखे दिसायचे. धाकटीला हे माहीत नव्हतं. तिला वाटायचं आपला नवरा सरळ आहे.

हवालदार म्हणाले, "बाई, मी लावू का टेप?"

"नको. तुम्हाला येत नाही."

खांदा घेतला. बाही घेतली. बाही पुन्हा एकदा घेतली. पाठ घ्यायला हवालदारांनी मदत केली. आयुष्यात मी कधी माप चुकू दिलं नाही, आणि तिथे उभी राहून मी मनापासून म्हणत होते, चूक, अर्धा इंच चूक, पाव इंच तरी चूक. मग उजव्या खांद्यावर बोट ठेवलं आणि डाव्यावर ठेवलं. पाऊण इंच.

"जुळलं?" हवालदारांनी विचारलं.

"जुळलं. पण इतक्यात लिहू नका. आधी तिला सांगते."

शाळेच्या फाटकात मावशी तशाच होत्या. मी जवळ गेले. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. मी काही बोलायच्या आधीच त्यांनी मांडीवरची पिशवी उचलून माझ्या हातात दिली. "कुणाला तरी दे," म्हणाल्या. "कोरडे आहेत." आणि खांबाला धरून उठल्या. मी हात द्यायला गेले, त्यांनी घेतला नाही. आत निघून गेल्या.

धाकटी मागच्या नळावर मोठी पातेली घासत होती. मला येताना पाहिलं आणि पातेल्यात डोकं घालून बोलायला लागली. साबण संपत आलाय, साहेब म्हणतात उद्या नवा ट्रक येतोय, त्यात तरी साबण असू दे म्हणावं, कोट नकोत. मी समोर उभी राहिले. ती बोलतच होती.

"धाकटे."

"राख पण ओली झालीय सगळी. घासायचं कशाने?"

"धाकटे, मी माप घेऊन आले."

हात थांबले. नळ चालू होता, तो तिने बंद केला नाही.

"तिन्ही?" तिने विचारलं.

"तिन्ही."

ती पातेल्याच्या कडेवरून बोट फिरवत राहिली. मला वाटलं आता भांडेल, म्हणेल फुगलेल्या माणसाचं कसलं माप घेतेस, म्हणेल तुला दिसत नाही नीट. मी सगळ्याची उत्तरं तयार ठेवली होती. ती भांडली नाही.

"म्हातारा नव्हताच कुणी, ताई."

"माहीत आहे."

"कधीपासून?"

"तू सांगत होतीस तेव्हापासून."

"मग तू माप न घेता का आलीस?" आता तिचा आवाज चढला. "तू टेप लावून आली असतीस तर मी काय बोलले असते? तू सांगितलंस की झालं, हे अख्ख्या गावाला माहीत आहे. तू तशीच आलीस. मला वाटलं ताईलाच नको आहे हे. मग मी तरी का हो म्हणू?"

"मला नकोच होतं."

"मग दोन दिवस त्या मेल्याला शोधत का फिरलीस? मला सगळे येऊन सांगत होते. एकेका म्हाताऱ्याचे डोळे तपासतेय म्हणे तुझी बहीण."

"मला तो हवा होता, धाकटे. तू रचलायस हे माहीत असूनही हवा होता. कुणीतरी म्हातारा मेलेला असू दे, पण आपले वायरमन नको. इतकी वाईट आहे मी."

ती फरशीवर बसली, पाण्यातच. मी नळ बंद केला आणि तिच्यासमोर बसले. तिने माझा हात घेतला, घेताना टेप मध्ये आली, ती तिने बाजूला केली.

"मी पण शोधला त्याला," ती म्हणाली. "काल तू वरच्या मजल्यावर होतीस ना, तेव्हा. मीच रचलेला, आणि मीच जिन्याखाली दोनदा वाकून बघून आले."

मग ती रडायला लागली. पाच दिवसांत पहिल्यांदा. मीही रडले. मग तिने तोंड धुतलं आणि आम्ही दोघी हवालदारांकडे नाव लिहायला गेलो.